पंचवीस वजाबाक्या

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयावर आहेत. रँकवर (म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मिळणाऱ्या क्रमांकांवर) आधारलेल्या चाचण्या सॉफ्टवेअरमध्ये चालवल्या, उत्तर आलं, पण ते नेमकं कशाचं उत्तर आहे हे कळेना. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे पहिल्या पत्राला मी भरपूर जागा देते आहे. बाकीच्यांनी तेवढं समजून घ्यावं.

प्रश्न : नमस्कार मॅडम. एकच काम जुन्या आणि नव्या पद्धतीने करायला किती मिनिटं लागतात, ते मी मोजलं. प्रत्येक पद्धतीसाठी पाच वेगवेगळ्या व्यक्ती होत्या. जुनी पद्धत : १२, १५, १९, २२, ३०. नवी पद्धत : ९, १०, ११, १४, १७. मार्गदर्शक म्हणाले, नमुना लहान आहे, मान-व्हिटनी ही दोन गटांची रँक-चाचणी करा. आर या सॉफ्टवेअरमध्ये पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५५६ आली. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून कॉन्फिडन्स इंटरव्हलही मागितला, तर –२ ते १९ असा आला आणि त्याच्याखाली फरक ६ असा छापला होता. पण मध्यक आहेत १९ आणि ११. त्यांतला फरक ८ होतो! सॉफ्टवेअर चुकतंय का? आणि प्रबंधात कोणता आकडा लिहू?

उत्तर : सॉफ्टवेअर बरोबर आहे, तुमची वजाबाकीही बरोबर आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत, एवढंच. नेमकी हीच चूक मी उमेदवारीच्या काळात एका अहवालात केली होती. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा उचलला आणि त्यापुढे ‘मध्यकांतील फरक’ असं लिहून टाकलं. अहवाल तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि मला म्हणाल्या, ‘हा आकडा कुठून आला ते कागदावर करून दाखव.’ त्या दिवशी मी सगळ्या वजाबाक्या हाताने केल्या. तुम्हीही एकदा करा, अर्धा तास लागेल आणि जन्मभर पुरेल.

जुन्या पद्धतीच्या प्रत्येक वेळेतून नव्या पद्धतीची प्रत्येक वेळ वजा करायची. पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस फरक येतात. ते चढत्या क्रमाने मांडले की असे दिसतात : –५, –२, –२, १, १, २, २, ३, ४, ५, ५, ५, ६, ८, ८, ९, १०, ११, १२, १३, १३, १६, १९, २०, २१. यातला मधला, म्हणजे तेरावा फरक ६. आरने छापलेला आकडा हाच. याला हॉजेस-लेहमन अंदाज म्हणतात. एका गटातली कोणतीही एक व्यक्ती आणि दुसऱ्या गटातली कोणतीही एक व्यक्ती घेतली तर त्यांच्यातला फरक साधारण किती, असा त्याचा अर्थ. दोन मध्यकांची वजाबाकी ही निराळी गोष्ट आहे, आणि सरासऱ्यांची वजाबाकी आणखी निराळी. तुमच्या सरासऱ्या १९.६ आणि १२.२ आहेत, फरक ७.४. त्याच दहा आकड्यांतून ६, ८ आणि ७.४ असे तीन ‘फरक’ निघाले आणि तिन्ही बरोबर आहेत. आरच्या मदतपानावरसुद्धा स्पष्ट बजावलं आहे की हा मध्यकांतला फरक नाही, तसा समज सर्रास असतो. पण ते पान उघडतं कोण?

आता इंटरव्हल. खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो याची ही व्याप्ती; क्रमिक पुस्तकांत याला विश्वास-अंतराल म्हणतात. पंचवीस फरकांच्या त्याच रांगेत सुरुवातीपासून तिसरा फरक पाहा : –२. शेवटापासून तिसरा : १९. तुमचा इंटरव्हल हाच. तिसराच का? दोन्ही पद्धतींत काहीही फरक नसेल, तर दहा क्रमांक पाच-पाचच्या दोन गटांत वाटण्याचे २५२ प्रकार सारखेच संभवतात. दोन्ही टोकांचे दोन-दोन फरक सोडून तिसऱ्यावर थांबलो, तर २५२ पैकी प्रत्येक बाजूचे ४ प्रकार बाहेर राहतात. उरले २४४, म्हणजे ९६.८ टक्के. चौथ्यावर थांबलो असतो तर इंटरव्हल १ ते १६ झाला असता, शून्य त्यातून बाहेर गेलं असतं, पण विश्वासाची पातळी ९४.४ टक्क्यांवर आली असती. बरोबर ९५ टक्के इथे मिळूच शकत नाहीत. पायऱ्या आहेत, उतार नाही. तुम्ही ९५ मागितले, आरने त्याहून खाली न जाता लगतची वरची पायरी दिली. मिनिटॅबसारखं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष गाठलेली पातळी इंटरव्हलशेजारी छापतं, ही सवय मला फार आवडते. आर ती सहसा छापत नाही, म्हणून तुम्ही स्वतः लिहा.

आणि पाहा, तुमची पी-व्हॅल्यू ०.०५५६ म्हणजे १४ भागिले २५२. शंभरातून ९४.४ गेले की उरतात ५.६. चाचणी आणि इंटरव्हल ही एकाच रांगेची दोन वाचनं आहेत. तरीही बहुतेक प्रबंधांत एकच वाचन दिसतं. मला वाटतं याचं मूळ इतिहासात आहे. फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने या चाचण्या १९४५ साली एका छोट्याशा लेखात मांडल्या, मान आणि व्हिटनी यांचा लेख १९४७ चा. रँकमधून फरकाचा अंदाज काढण्याचा हॉजेस आणि लेहमन यांचा लेख थेट १९६३ चा. मधल्या काळात ‘रँकच्या चाचण्या फक्त हो-नाही सांगतात’ हा समज पक्का झाला. सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्येही तो उतरला. आरच्या विलकॉक्स.टेस्टमध्ये कॉन्फ.इंट = ट्रू असं आपण मुद्दाम लिहावं लागतं, नाहीतर इंटरव्हल येतच नाही. सास या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एनपीएआर१वे या प्रोसीजरला एचएल हा पर्याय द्यावा लागतो. एसपीएसएसमध्ये तो नॉनपॅरामेट्रिकच्या नव्या खिडकीत आहे, जुन्या मेनूतून गेलात तर दिसणार नाही. पायथनच्या सायपाय या लायब्ररीचं मान-व्हिटनीचं फंक्शन तर इंटरव्हल देतच नाही, तिथे पंचवीस वजाबाक्या दोन ओळींच्या कोडमध्ये आपणच कराव्या लागतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी सोडणार नाही. ‘फरक ६ मिनिटं’ हे वाक्य तेव्हाच अर्थपूर्ण ठरतं जेव्हा दोन्ही गटांचा पसारा सारखा असतो आणि एक गट दुसऱ्याच्या पुढे नुसता सरकलेला असतो. तुमची जुनी पद्धत १२ ते ३० पसरली आहे, नवी ९ ते १७. पाच-पाच आकड्यांवरून ठाम सांगता येणार नाही, पण वेळेच्या मोजमापांत असं नेहमी होतं : जिथे वेळ जास्त, तिथे पसाराही जास्त. अशा वेळी आधी प्रत्येक वेळेचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या. क्रम बदलत नाही, म्हणून पी-व्हॅल्यू जशीच्या तशी राहते, पण फरकाचं रूपांतर गुणोत्तरात होतं. तुमच्या आकड्यांवर मी ते करून पाहिलं : जुन्या पद्धतीला नव्याच्या साधारण १.५७ पट वेळ लागतो, इंटरव्हल ०.८८ ते २.७३. मला हे वाचन अधिक पटतं.

आणि पंचवीस जोड्यांपैकी २२ जोड्यांत जुन्या पद्धतीला जास्त वेळ लागला. आरने डब्ल्यू म्हणून छापलेला २२ तो हाच. २२ भागिले २५, म्हणजे ८८ टक्के. पसारा सारखा असो वा नसो, हा आकडा उभा राहतो.

प्रबंधात काय लिहायचं? मी असं लिहीन : ‘जुन्या पद्धतीला नव्यापेक्षा साधारण ६ मिनिटं अधिक लागली (हॉजेस-लेहमन अंदाज, अचूक ९६.८ टक्के इंटरव्हल –२ ते १९; पी = ०.०५६). २५ पैकी २२ तुलनांत जुन्या पद्धतीचा वेळ जास्त होता.’ त्याखाली दहाही आकडे छापा. दहाच तर आहेत. ‘फरक आढळला नाही’ हे वाक्य मात्र कृपा करून लिहू नका. १९ मिनिटांपर्यंतचा फरक तुमच्या आकड्यांशी सुसंगत आहे, मग ‘नाही’ कसं म्हणता येईल?

प्रश्न : आम्ही दोन गटांना समाधानाच्या १ ते ५ या पट्टीवर गुण द्यायला सांगितले. एका गटात ४०, दुसऱ्यात ३८ जण. आरने इशारा दिला की टाय (सारखेच गुण) असल्यामुळे अचूक पी-व्हॅल्यू काढता येत नाही. शिवाय फरक ०.९९९९५ असा आला. सगळे गुण पूर्णांकात असताना हे अपूर्णांक कुठून आले? एकाने सुचवलं की प्रत्येक गुणात अगदी बारीक यादृच्छिक आकडा मिळवा म्हणजे टाय सुटतील. तसं करू का?

उत्तर : शेवटच्या सूचनेला आधी उत्तर देते : नाही. दोन माणसांनी ४ गुण दिले, ती दोघं बरोबरीत आहेत. ही तुम्हाला मिळालेली माहिती आहे. नाणं उडवून त्यांतल्या एकाला पुढे काढलंत तर उत्तर नाण्यावर अवलंबून राहील. उद्या तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की पी-व्हॅल्यू वेगळी येईल.

इशाऱ्याला घाबरू नका. टाय आले की आरचं मूळ फंक्शन अचूक गणना सोडून नॉर्मल वितरणाच्या अंदाजावर जातं. मी वर्षानुवर्षं वापरत आलेल्या आवृत्त्यांत तरी तसंच आहे. ४० आणि ३८ जणांसाठी तो अंदाज चांगला चालतो. एक्झॅक्ट = फॉल्स असं स्वतः लिहिलंत की इशाराही येणार नाही आणि वाचणाऱ्याला कळेल की तुम्ही हे जाणूनबुजून केलं. गट लहान असतील आणि टायही असतील, तेव्हा मात्र ‘कॉइन’ हे पॅकेज घ्या. त्याचं विलकॉक्स_टेस्ट हे फंक्शन टायसकट अचूक गणना करू शकतं. नावात टिंबाऐवजी खालची रेघ आहे, तिकडे लक्ष असू द्या.

०.९९९९५ चं कारण साधं आहे. या वाटेने गेल्यावर आर फरकांची रांग मोजत नाही. ‘एका गटातून किती वजा केलं की दोन्ही गट बरोबरीत येतील’ हे समीकरण तो पुढेमागे सरकत सोडवतो आणि उत्तराच्या पुरेसं जवळ पोहोचला की थांबतो. तो ०.९९९९५ म्हणजे १ आहे. १ लिहा. पाच दशांश स्थळं छापून अचूकतेचा आव आणू नका.

खरा प्रश्न पुढचा आहे. पाच पायऱ्यांच्या पट्टीवर प्रत्येक वजाबाकी ही –४ ते ४ यांमधली पूर्ण संख्याच असणार. मग मधला फरक ० किंवा १ येतो आणि इंटरव्हल ‘० ते १’ असा ढोबळ निघतो. त्यातून वाचकाला फारसं काही मिळत नाही. इथे मी फरकाचा नाद सोडून देते आणि सगळ्या जोड्यांपैकी किती टक्के जोड्यांत पहिल्या गटातली व्यक्ती वरचढ आहे ते सांगते, बरोबरीच्या जोड्या अर्ध्या धरून. त्याच्यासोबत पाचही पायऱ्यांवर प्रत्येक गटातले किती जण आहेत याचा छोटा तक्ता द्यावा. मला विचाराल तर त्या तक्त्याइतकं बोलकं दुसरं काही नाही.

प्रश्न : एकच माहिती, चार सॉफ्टवेअर, चार पी-व्हॅल्यू. खरी कोणती मानायची?

उत्तर : तुमची माहिती तुम्ही पाठवली नाहीत, म्हणून पहिल्या पत्रातले दहा आकडेच घेते. अचूक मोजणीने पी ०.०५६. नॉर्मल अंदाज, सातत्याची दुरुस्ती (पायऱ्यांच्या जागी सलग वक्र धरल्याची भरपाई) धरून : ०.०६०. तोच अंदाज दुरुस्तीविना : ०.०४७. आणि सायपायच्या १.७ पूर्वीच्या आवृत्तीत पर्याय न सांगता चालवलं तर ०.०३०, कारण ती आवृत्ती तेव्हा एकाच बाजूची पी-व्हॅल्यू देत असे. २०२१ मध्ये आलेल्या १.७ पासून ती दोन्ही बाजूंची देते. एसपीएसएसच्या जुन्या तक्त्यात अंदाजे आणि अचूक अशा दोन ओळी एकाखाली एक असतात आणि घाईत वरची उचलली जाते.

यातले दोन आकडे ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या वर, दोन खाली. आवडेल तो निवडायला हे दुकान नाही. दहा आकड्यांसाठी अचूक गणना क्षणात होते, म्हणून अचूकच घ्यायची आणि तसं अहवालात नोंदवायचं. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, अचूक की अंदाजे, दुरुस्ती आहे की नाही, एक बाजू की दोन : एवढं एका वाक्यात मावतं.

चाचणीचा आकडाही निरनिराळा दिसतो. याच माहितीसाठी कुणी २२ छापेल, कुणी ३, कुणी ३७, कुणी १८. जुन्या पद्धतीच्या रँकची बेरीज ३७, नव्याची १८. या बेरजांतून प्रत्येकी १५ वजा केले, म्हणजे पाच जणांच्या रँकची कमीत कमी शक्य असलेली बेरीज, की २२ आणि ३ उरतात. चौघे एकच गोष्ट सांगताहेत. आरमध्ये गटांचा क्रम उलटा केला तर २२ चे ३ होतात आणि फरकाचं चिन्ह बदलतं, म्हणून कोणातून कोण वजा केलं हे आधी तपासा. ‘नवी पद्धत हळू’ असा उलटा निष्कर्ष छापून गेलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : स्पिअरमन (रँकवरून काढलेला) सहसंबंध ०.६ आला, नमुना ३० चा. इंटरव्हल कसा मिळवू? आर फक्त पी-व्हॅल्यू देतो.

उत्तर : बरोबर, आरचं कॉर.टेस्ट हे फंक्शन इंटरव्हल पिअरसनसाठीच देतं. सहसंबंधाला साधारण नॉर्मल वितरणाच्या मापात नेणारं फिशरचं रूपांतर वापरा, पण प्रमाण त्रुटी पिअरसनची घेऊ नका, ती इथे कमी पडते. बोनेट आणि राइट यांनी २००० साली सुचवलेली घ्या : सहसंबंधाच्या वर्गाच्या निम्म्यात १ मिळवा, नमुन्यातून ३ वजा करून त्याने भागा, वर्गमूळ काढा. तुमच्यासाठी १.१८ भागिले २७, वर्गमूळ ०.२०९. फिशर रूपांतरात ०.६ चे ०.६९३ होतात. त्यात १.९६ पट त्रुटी मिळवून आणि वजा करून परत फिरवलं की इंटरव्हल ०.२८ ते ०.८०. टाय बरेच असतील तर बूटस्ट्रॅप करा, म्हणजे आपल्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने काढून इंटरव्हल शोधा.

प्रश्न : ताई, पाच जणांची उपचारापूर्वी आणि उपचारानंतर अशी मोजमापं घेतली. पाचही जणांत सुधारणा झाली : ३, ४, ६, ७, ११ गुणांनी. विल्कॉक्सन साइन्ड रँक चाचणीत (जोडीजोडीच्या फरकांची रँक-चाचणी) पी ०.०६२५ आली आणि परीक्षक म्हणाले, परिणाम सिद्ध होत नाही. पाचपैकी पाच जण सुधारले तरी? इंटरव्हल मागितला तर सॉफ्टवेअर म्हणतं, मागितलेली पातळी गाठता येत नाही.

उत्तर : तुमची निराशा मला समजते, आणि दोष तुमच्या रुग्णांचाही नाही, उपचाराचाही नाही. पाच जोड्यांना अधिक किंवा उणे चिन्हं देण्याचे ३२ प्रकार आहेत. सगळी अधिक हा त्यांतला एक, सगळी उणे हा दुसरा. २ भागिले ३२ म्हणजे ०.०६२५. पाच जोड्यांत दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू यापेक्षा लहान असूच शकत नाही. म्हणजे मोजमाप सुरू होण्याआधीच ०.०५ ची रेषा ओलांडणं अशक्य होतं, आणि हे कुणीतरी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. सहा जोड्या असत्या तर २ भागिले ६४, म्हणजे ०.०३१ पर्यंत जाता आलं असतं. आता निकाल पाहून झाल्यावर सहावा रुग्ण जोडणं मात्र योग्य नाही, कारण मग ती पी-व्हॅल्यू जे सांगायला हवं ते सांगत नाही.

इंटरव्हलचंही तेच. पाच फरक आणि त्यांच्या दोन-दोनच्या सरासऱ्या मिळून १५ आकडे होतात. त्यांतला मधला ६, हा तुमचा अंदाज. दोन्ही टोकं घेतली तरी इंटरव्हल ३ ते ११ आणि पातळी ९३.७५ टक्के. याहून वरची पायरीच नाही. आरमध्ये कॉन्फ.लेव्हल ०.९३ ठेवा आणि अहवालात ९३.७५ असं स्वच्छ लिहा. परीक्षकांना लिहिताना वरचा ३२ प्रकारांचा हिशेब जोडा. पाचही फरक, अंदाज ६, इंटरव्हल ३ ते ११ आणि त्याची पातळी एवढं एका ओळीत द्या. पुढच्या अभ्यासासाठी किती जोड्या लागतील ते या ६ गुणांवरून आणि फरकांच्या पसाऱ्यावरून काढता येईल. मोजपट्टी कोणती आणि किती गुणांची सुधारणा रुग्णाला जाणवते, एवढं कळवलंत तर तो हिशेब मी पुढच्या अंकात करून देते.